रक्तावरची साय

दुधात पाणी आहे का नाही, हे मी माणसाच्या तोंडाकडे न बघता सांगायचो. ते माझं कामच होतं. तासगावच्या पुढे आमचं गाव. तिथे नवी दूध संस्था निघाली होती आणि मी तिचा सेक्रेटरी होतो. सेक्रेटरी म्हणजे सगळंच. सकाळ-संध्याकाळ दूध मापून घ्यायचं, प्रत्येकाच्या दुधाचा नमुना बाटलीत काढायचा आणि त्याची फॅट काढायची. जाड काचेच्या नळीत आधी तेजाब, त्यावर दूध, त्यावर उग्र वासाचं एक औषध. बूच मारून नळी हलवली की हाताला चटका बसेल अशी तापते. मग ती हाताने फिरवायच्या यंत्रात घालून गरगर फिरवायची. दुधातलं सगळं स्निग्ध नळीच्या अरुंद मानेत सोनेरी होऊन बसतं. कसदार दुधाची रेघ उंच येते. पाणी घातलेल्या किंवा घरी साय काढून घेतलेल्या दुधाची बुटकी.

रेघ बुटकी आली की लोक भांडायचे. लेकराबाळांच्या शपथा घ्यायचे. मी एकच वाक्य बोलायचो, "नळी खोटं बोलत नाही." खालच्या आळीचा एक पैलवान गडी होता. त्याचं दूध मी दोनदा परत केलं तेव्हा तो सगळ्यांदेखत म्हणाला, "फॅट कमी हाय ही नळी सांगती, शेक्रेटरी. म्या चोरी केली ही तू सांगतुयास." मी त्याला रांगेतून बाहेर काढलं. मला तेव्हा वाटलं, गडी बोलण्यात सापडायला नको म्हणून शब्द फिरवतो आहे.

आणीबाणी उठून वर्ष झालं असेल, त्या सुमाराची ही गोष्ट आहे. मी चाळिशीला टेकलो होतो. घरात आई, बायको आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली. वडील पलटणीत होते. ते तिथे असेपर्यंत रजेवर येणारे पाहुणे होते आणि पेन्शनीवर आल्यावर फार दिवस जगले नाहीत. घर आईने चालवलं. ती म्हसवडकडची. मेंढरांमागे फिरणाऱ्या घरात वाढलेली, उन्हाने रापलेली, तोंडाने फटकळ. ऊसवाल्यांच्या घरात तिला कोणी कधी आपली मानली नाही आणि तिनेही कोणाला मानलं नाही. मला ती आवडत नव्हती. आईबद्दल असं लिहू नये हे मला कळतं, पण इतकी वर्षं उलटंच सांगत आलो आणि त्याने काही हलकं झालं नाही. ती मुलांना जवळ घ्यायची नाही, कोणाला बरं म्हणायची नाही. माया काय ती म्हशीवर. म्हैस तिच्या माहेरची होती आणि तिची धार आईशिवाय कोणी काढत नव्हतं.

स्वयंपाकघरात जाळीचं कपाट होतं. त्यात दूध, दही, लोणी, तूप. त्याची किल्ली आईच्या कमरेला. माझ्या बायकोला लग्न झाल्यापासून मुलींच्या भातावर तूप वाढायचं असलं की सासूपुढे वाटी धरावी लागायची. आई चमचा कलता करून चार थेंब सोडायची आणि पुन्हा कुलूप. बायको काही बोलत नसे. ती वाटी धरून उभी असताना तिचा चेहरा मी कितीदा तरी पाहिला होता आणि मीही काही बोललो नव्हतो.

आदल्या वर्षी मिरजेला आईचं उजवं स्तन काढलं होतं. कॅन्सर हा शब्द आम्ही घरात उच्चारला नाही. गाठ म्हणायचो. वर्ष बरं गेलं आणि मग शस्त्रक्रियेच्या व्रणावर मसुराएवढे दाणे उठले. आईने ते महिनाभर लपवले. बायकोला आंघोळीचं पाणी देताना दिसले.

मिरजेच्या डॉक्टरांनी दाणे बोटाने चाचपले आणि गोळ्या लिहून दिल्या. मला म्हणाले, "हे बायकांच्या अंगातलंच द्रव्य आहे. हार्मोन. पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्या बाईला ते भरपूर प्रमाणात दिलं की पुष्कळदा या गाठी आखडतात. का आखडतात ते आम्हालाही नीट ठाऊक नाही."

मी ते आईला समजेल असं सांगितलं. तिने डॉक्टरकडे न बघता मलाच विचारलं, "माजा इटाळ जाऊन नातवंडं आली. आता बाईपण गोळीतनं खाऊ व्हय?"

खाल्लं तिने. सुरुवातीला सकाळी उठल्या उठल्या कोरड्या उलट्या व्हायच्या. पाय सुजले. पण दोन-तीन महिन्यांत मसूर मोहरीएवढे झाले, काही तर हाताला लागेनासे झाले. डॉक्टर खूश झाले. गोळीने या वयात रक्त दाटतं, हृदयावर नजर ठेवायला हवी, असं म्हणून त्यांनी रक्त तपासलं. कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. हा शब्द मी तिथेच पहिल्यांदा ऐकला. रक्तातली चरबी, असं त्यांनी सांगितलं. तूप, लोणी, साय आणि मटणाचा रस्सा बंद. तेल करडईचं, तेही बेताने.

घरी आल्यावर मी हे जेवणाच्या वेळी सांगितलं. आईने कमरेची किल्ली सोडली आणि बायकोच्या ताटात टाकली. आमटीत पडली ती.

"घे ही किल्ली. लय वरसं वाट बगत हुतीस न्हवं."

बायकोने किल्ली उचलली, पदराला पुसली आणि कमरेला लावली. "माज्यासाटी न्हाई, तुमच्याच जिवासाटी हाय, आत्याबाई," ती म्हणाली. पण तिचा आवाज त्या वाक्याला शोभणारा नव्हता. आणि खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं होतं. डॉक्टरच्या एका वाक्याने घरातलं जुनं राज्य उलथलं होतं आणि दोष आमच्यावर नव्हता.

त्या दिवसापासून आईच्या भातावर आमटी आणि भाकरीवर जवसाची कोरडी चटणी. मुली तूप-भात खायच्या तेव्हा ती ताट घेऊन पडवीत जायची. बायको मुलींना आता मोठ्या चमच्याने वाढायची. ते आईला ऐकू जाईल असा चमच्याचा आवाजही करायची. मला ऐकू येत होता.

दिवाळीनंतर आईच्या पोटात वर कळ येऊ लागली. पहाटेच्या एस.टी.ने, चहासुद्धा न घेता, मी तिला मिरजेला नेलं. रक्त काढलं. आम्ही बाकावर बसलो. बऱ्याच वेळाने प्रयोगशाळेतला माणूस बाहेर आला आणि त्याने मला आत बोलावलं. "खाऊन आल्या होत्या का?" त्याने विचारलं. मी म्हणालो, उपाशी आहे. त्याने नळी उजेडात धरली. खाली रक्त बसलं होतं, काळपट लाल. त्याच्या वर पिवळसर निवळी यायला हवी, तो म्हणाला. तिथे निवळी नव्हती. दुधासारखं पांढरं होतं. सायीचं दूध नळीत धरून ठेवावं तसं.

मी रोज सकाळ-संध्याकाळ नळ्या बघणारा माणूस. मला दुसऱ्या कोणाचं मत नको होतं.

डॉक्टर म्हणाले, कोलेस्टेरॉल तर वाढलंच आहे, पण दुसऱ्या जातीची चरबी त्याहून कितीतरी जास्त आहे, असं राहिलं तर पोटातलं दुखणं जिवावर बेतेल. "पथ्य पाळत नाहीत या," ते म्हणाले. "असं रक्त तूप-लोण्याशिवाय होत नाही."

बाहेर व्हरांड्यात आई उभी होती, कोपरात वाकवलेला हात तसाच धरून.

"काय खातेस चोरून?" मी विचारलं.

तिला आधी कळलं नाही. मग कळलं. "काय न्हाई."

"साय खातेस. रक्तावर साय आलीय तुझ्या. मी डोळ्यांनी बघितली."

"सिद्धनाथाची आण हाय. जिभंला लावलं न्हाई म्या."

"नळी खोटं बोलत नाही," मी म्हणालो.

शेजारच्या बाकावरच्या बायका ऐकत होत्या. आईने पदर डोक्यावर ओढला आणि चालायला लागली. एस.टी.त ती माझ्या शेजारी बसली नाही.

कपाटाची किल्ली तर बायकोकडे होती. मग साय येते कुठून? मी विचार केला आणि मला उत्तर सापडलं. गोठा. धार काढताना ती तिथेच निरसं दूध पीत असणार. मी तिला म्हशीपासून लांब राहायला सांगितलं. धार आता सून काढेल. आई दारात बसून होती. मी आत गेल्यावर ती बाहेरून म्हणाली, "म्हशीला बी इचार की. ती बी चोरून देती काय म्हून."

म्हशीने बायकोला नीट पान्हा सोडला नाही. कास चोळली, पुढ्यात पेंड ठेवली, तरी ती अर्धंमुर्धं दूध देऊन लाथ झाडायची. दूध निम्म्यावर आलं. आणि सगळ्यात कसदार दूध धारेच्या शेवटाला येतं, ते कासेतच राहायचं. त्यामुळे आमच्या दुधाची फॅट उतरली. सेक्रेटरीच्या घरच्या दुधाची फॅट. बायकोने रागाच्या भरात विहिरीवर सासूची गोष्ट सांगितली होती. गावाने दोन्ही गोष्टी एकत्र केल्या.

"का वं शेक्रेटरी," पैलवान रांगेतून म्हणाला, "तुमची बी रेग बसली जनू."

"म्हैस लाथाळते."

"व्हय व्हय. नळी खोटं बोलत न्हाई." रांगेतली माणसं हसली. "म्हातारी साय वरपती म्हनं. खाऊ द्या की. जाताना तरी त्वांड त्येलकट असूं द्या."

मी मान खाली घालून माप धरलं. त्याला गप्प बस म्हणता आलं असतं. म्हणालो नाही. मला त्या वेळी आईचा राग आला होता, पैलवानाचा नाही.

हे आईच्या कानावर त्याच दिवशी गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आपलं अंथरूण, परात आणि तवा उचलला, गोठ्यात गेली आणि तीन दगड मांडून चूल पेटवली. मला ऐकवून म्हणाली, "आजपासनं जवारीची भाकरी आन मीट. मिर्ची बी तव्यावर कोरडी भाजून. त्येलाचा थेंब न्हाई. तुजी बायकू हितं बसू दे राकणीला. मग रगात काड."

बायको खरंच राखण करायची. काही काम नसलं तरी गोठ्याच्या दारात काहीबाही निवडत बसायची. दोघी एकमेकींशी बोलत नसत. आई भाकरी मोडायची, मिठाला लावायची, पाण्याच्या घोटाबरोबर गिळायची. मग ती डॉक्टरची गोळी तोंडात टाकायची, बायकोला जीभ दाखवायची, गिळली बघ म्हणून. गालाची हाडं वर आली. लुगडं अंगावर राहीना. एकदा मी डेअरीतून आलो तर बायको दारातून उठून आली आणि म्हणाली, "आवं, काय बी खाईनात त्या. म्या डोळ्यांनी बगतीया."

"मग रात्री खात असेल," मी म्हणालो.

बायको परत गोठ्याच्या दारात जाऊन बसली.

मिरजेला रक्त पुन्हा पांढरं आलं. थोडं पातळ, पण पांढरं. डॉक्टर वैतागले. घरचे लोक लक्ष देत नाहीत, म्हणाले. आई खाली बघत खुर्चीत बसून होती. पथ्य पाळते म्हणून तिने चकार शब्द काढला नाही. परतताना मिरजेच्या स्टँडवर मी तिच्यासाठी चहा आणला. तिने कप घेतला, माझ्या देखत जमिनीवर ओतला आणि कप परत दिला. म्हणाली, "त्यात दूद हाय."

त्यानंतर तिने म्हसवडहून भावाकडून तुपाची बरणी मागवली. बरणी आली त्या दुपारी ती गोठ्याच्या दारात, आमच्या दाराकडे तोंड करून बसली. गरम भाकरीवर तिने बोटांनी तूप घेतलं. चमचा नाही. भाकरी भिजून तूप मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. येणारे-जाणारे बघत होते.

मी धावून गेलो. "मरायचंय का तुला?"

"चोरून खात न्हाई म्हनलं, तर कुनी इस्वास ठिवला न्हाई," ती खात खात म्हणाली. "आता देकत खातीया. बग की."

मी बरणीला हात घातला. तिने माझ्या हातावर उलथनं मारलं. आईने मला लहानपणीही मारलं नव्हतं. हाताला वळ उठला. पैलवान रस्त्यावरून जात होता, तो थांबला नाही, पण त्याने पाहिलं.

रोज दोन वेळा ती असंच जेवायची. मी दार लावून घ्यायचो. बायको लावत नसे. आणि काही दिवसांनी बायकोच मला म्हणाली, खालच्या आवाजात, "त्या बाहेर बसल्यात."

मला अर्थच लागेना. घरात बायका बाजूला बसतात, चुलीला आणि दुधाला शिवत नाहीत, ते दिवस आईचे माझ्या आठवणीतही नव्हते.

"रगात जातंय त्यास्नी," बायको म्हणाली. "चुलीला शिवनात. भाकरी म्या दिली. घेतली माज्या हातची."

आता रोग पोटात उतरला असं मला वाटलं. मी गोठ्यात गेलो. आई भिंतीला टेकून गोणपाटावर बसली होती. मला बघून तिने पाय जवळ घेतले.

"मिरजेला जायचं," मी म्हणालो.

"चल. मला बी जायचंच हाय. पर आदी रगात काडायला सांग. मग बाकीचं."

उपाशी पोटी रक्त काढलं. या वेळी मी आपण होऊन आत गेलो. प्रयोगशाळेतल्या माणसाने नळी उजेडात धरली. खाली रक्त, वर निवळी. पिवळसर, स्वच्छ. चक्का बांधल्यावर फडक्यातून गळते तशी. पलीकडचा खिडकीचा गज तिच्यातून दिसत होता.

"आता पथ्य पाळतात वाटतं," तो म्हणाला.

डॉक्टरांसमोर आईने पदराची गाठ सोडली आणि टेबलावर उपडी केली. गोळ्या घरंगळल्या. बऱ्याच होत्या. "मागल्या खेपेपासनं येक बी खाल्ली न्हाई," ती म्हणाली. "तूप खाल्लं. ह्येला इचारा, कोपरापतूर वगळत हुतं का न्हाई."

म्हणजे बायकोला दाखवत होती ती जीभ आधीच्या महिन्यापुरतीच खरी होती. नंतर राखणीला कोणी बसत नव्हतं. मी रागाने दार लावून घेत होतो.

डॉक्टरांनी मागचे कागद काढून नव्याशी ताडून बघितले. मग आईला नाही, मला म्हणाले, "गोळीनेच होत होतं हे. या गोळीने कोणाकोणाची रक्तातली चरबी वाढते. पण इतकी क्वचित. यांच्या अंगात मुळातच तशी ओढ असणार. गोळी बंद केली म्हणून निवळलं. आणि ते रक्त जाणंही गोळी एकदम सोडल्यामुळेच. घाबरायचं कारण नाही." मग ते आईवर चिडले. "पण आजी, गोळी बंद करायची अक्कल तुम्हाला कोणी दिली?"

"तुमी समद्यांनी," आई म्हणाली.

त्यांनी पडदा ओढून तिला तपासलं. बाहेर आले तेव्हा चेहरा उतरला होता. व्रणावरचे दाणे परत आले होते, मोहरीचे पुन्हा मसूर, आणि काखेत एक नवा. त्यांनी मला बाजूला घेतलं. जुनी गोळी आता देता येणार नाही. एक नवी निघाली आहे, उलट्या तऱ्हेने काम करते, म्हणजे बायकांच्या त्या द्रव्याला अडवते. मुंबईहून मागवावी लागेल. रक्तावर लक्ष ठेवू. पण उशीर नको.

आईने पडद्यामागून ऐकलं होतं. पदर नीट करत बाहेर आली. "नवी न्हाई, जुनी न्हाई. म्या गोळी खानार न्हाई."

"आई."

"आदी डेरीत सांग. जितं माजं नाव गेलं तितं. समद्यांच्या म्होरं. मग खाईन."

मी घरी सांगायला तयार होतो. तिथे, डॉक्टरसमोर, तर मी सांगितलंही, की माझं चुकलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हितं मला कोन वळकतंय?"

गोळी मुंबईहून आली. बाटली मी गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवली. ती तिथेच राहिली. मी रोज डेअरीत जायचो, आज बोलू असं ठरवून जायचो आणि रांग बघितली की तोंड मिटायचं. भीती कसली होती ते मला नीट माहीत होतं. लाजेची होती, पण तेवढीच नव्हती. मी चुकीचा निवाडा केला असं एकदा माझ्या तोंडून निघालं की ज्यांचं दूध मी परत केलं ते सगळे उभे राहणार होते. खुर्चीची, यंत्राची, त्या वाक्याची सगळी पत जाणार होती. आईच्या काखेतल्या दाण्याच्या बदल्यात मी ती राखत होतो. इतकं उघड होतं ते, आणि तरी दिवस जात होते.

बायको म्हणाली, "काकंतला वाटाण्याएवडा झालाय. तुमचं त्वांड उगडंपतूर किती व्हायचा त्यो?" कपाटाची किल्ली तिने त्याच दिवशी कमरेची काढून खिळ्याला लटकवली. तिथून कोणीही घ्यावी.

मग एका सकाळी आईच डेअरीत आली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर चरवी. म्हैस पुन्हा तीच पिळत होती. तिला बघून रांग आपोआप सरकली, पण ती पुढे घुसली नाही. पैलवानाच्या मागे उभी राहिली. रांग हळूहळू पुढे आली. पैलवानाचं माप झालं. तो बाजूला झाला आणि बघत थांबला.

आईने चरवी टेबलावर ठेवली. मी माप घ्यायला हात पुढे केला. तिने चरवीवरचा हात काढला नाही.

बाहेर एकाची सायकल पडली, तिचं चाक फिरत राहिल्याचा आवाज येत होता. आईचा हात बारीक झाला होता. हातातलं चांदीचं कडं मनगटावरून पार कोपरापर्यंत सरकत होतं.

"आईने काही चोरून खाल्लं नव्हतं," मी म्हणालो.

"आवाज गेला व्हय तुजा?" आई म्हणाली. "मिरजंला तर चांगला हुता."

मी उभा राहिलो. "माझ्या आईने साय खाल्ली नाही, दूध प्यायली नाही, काही चोरलं नाही. रक्तात चरबी होती ती औषधाच्या गोळीने आली होती. मी तिच्यावर आळ घेतला. तो खोटा होता."

मागून कोणीतरी घसा खाकरला. पैलवान पुढे आला. तो हसत नव्हता.

"आन आमची नळी? ती बी गोळीनं व्हय?"

मी यंत्राकडे बघितलं. मला म्हणता आलं असतं की दुधाचं वेगळं आणि रक्ताचं वेगळं. ते खरंही होतं काही अंशी. "नळी फॅट कमी आहे एवढंच सांगते," मी म्हणालो. "ती का कमी आहे ते मी माझ्या मनाने सांगत होतो. तुझंही."

"ही म्या तवाच म्हनलं हुतं," पैलवान म्हणाला.

"म्हणाला होतास."

त्याला आणखी काही हवं होतं, पण काय हवं ते त्यालाच सापडेना. किटली उचलून तो गेला. जाताना आईला म्हणाला, "म्हातारे, तुजा ल्योक लय उशिरा शाना झाला गं."

"शाना कुटला," आई म्हणाली. "हातात घावला म्हून बोलला." मग तिने चरवीवरचा हात काढला. मी दूध मापलं. नमुन्याची बाटली भरताना थोडं दूध टेबलावर सांडलं. तिने ते बोटाने पुसलं आणि बोट पदराला लावलं, तोंडाला नाही. सगळे बघत होते आणि तिला ते ठाऊक होतं.

"कोनाड्यातली बाटली सुनंकडं दी," निघताना ती म्हणाली. "तिच्या हातची खाईन. तुज्या हातची नगं."

त्याच दुपारी बायकोने गोठ्यात जाऊन पहिली गोळी दिली. मी अंगणातून बघत होतो. आईने गोळी गिळली आणि जीभ बाहेर काढून दाखवली. या वेळी सुनेला नाही, माझ्याकडे तोंड करून.

दाणे पुन्हा आखडले. काखेतला राहिला, पण वाढला नाही. नव्या गोळीवर तिचं कोलेस्टेरॉल तर गोळ्या सुरू होण्याच्या आधी असेल त्याहूनही खाली आलं असावं, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनाही त्याचं नवल वाटलं होतं. दुसऱ्या चरबीवर ते लक्ष ठेवून राहिले. आई पुढे काही वर्षं जगली, सगळी गोठ्यातल्या चुलीवर. सून भाजी नेऊन द्यायची ती घ्यायची. मी नेली तर म्हशीच्या गव्हाणीत टाकायची.

रक्ताच्या तपासणीला मात्र माझ्याशिवाय जायची नाही. मी बरोबर पाहिजे असा तिचा हट्टच होता. एस.टी.त आम्ही वेगवेगळ्या बाकांवर बसायचो. मिरजेला रक्त दिलं की ती बाकावर न बसता प्रयोगशाळेच्या दारातच उभी राहायची, नळी फिरून बाहेर येईपर्यंत. मग त्या माणसाला हाक मारायची.

"काय रं, साय हाय का?"

"नाही, आजी. निवळी आहे."

मग ती मागे वळायची, मी कुठे उभा आहे ते शोधायची आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं म्हणायची, "ऐकलंस?"

"ऐकलं," मी म्हणायचो. मी हळू बोललो असं तिला वाटलं, तर ती पुन्हा विचारायची.